कुलाब्याची शेवटची आगगाडी

एखादा लोहमार्ग बंद व्हावयाचा ठरला म्हणजे त्यावरून धावणाऱ्या शेवटच्या उतारूगाडीस निरोप देण्यासाठी गावोगावचे लोक स्टेशनावर जमतात. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या गाडीत पाऊल टाकलेले नसते तेही त्या दिवशी तिकीट काढतात. इंजिनास हार घालतात, नारळ फोडतात, आणि गाडी वळणाआड गेली म्हणजे हळहळत घरी परततात. या हळहळीत खोटे काही नाही. तथापि शेतकऱ्याने या प्रसंगाकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास शिकले पाहिजे, असे आम्हांस वाटते. आणि म्हणूनच बी-बियाणे, खते व औते यांची चर्चा करणाऱ्या या मासिकात आज एका बंद पडलेल्या आगगाडीची हकीकत देण्याचे आम्ही योजिले आहे. ही गाडी मुंबईतील कुलाब्याची. ती १९३० साली बंद पडली. परंतु जिच्या जिवावर ती उभी होती ती वस्तू मुंबईत पिकत नव्हती. ती वस्तू म्हणजे आपल्या शेतातील कापूस होय.

हकीकतीचा आरंभ मात्र कुलाब्यापासून न करता वरळीच्या कोळीवाड्यापासून करणे सोयीचे आहे. हा कोळीवाडा वरळीच्या उत्तर टोकास, समुद्रात शिरलेल्या जिभेसारख्या भूमीवर वसलेला आहे. टोकावर इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला लहानसा किल्ला असून समोर माहीमचा उपसागर व पलीकडे वांद्रे दिसते. खाली होड्या नांगरलेल्या असतात, मासळी वाळत असते, जाळ्यांची दुरुस्ती चाललेली असते. या वाड्यात आगगाडी कधी आली नाही; रूळ पूर्वेकडून, दादर व परळ यांच्या बाजूने गेले. परंतु समुद्र व जमीन यांची हद्द माणूस कशी सरकवितो, आणि त्या सरकण्यात कोणाचा लाभ व कोणाची हानी होते, हे समजून घेण्यास याहून चांगली जागा मुंबईत नाही.

वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामध्ये पूर्वी मोठे खिंडार होते. भरतीचे पाणी त्यातून आत शिरे व बेटांमधील सखल प्रदेश बुडवून टाकी. अठराव्या शतकाच्या अखेरीस, विल्यम हॉर्नबी हा गव्हर्नर असता, हे खिंडार बांध घालून बंद करण्यात आले. कोकणातील आमच्या वाचकांस खारबंदिस्ती म्हणजे काय ते सांगावयास नको. हे त्याच जातीचे, परंतु फार मोठे काम होते. समुद्र बाहेर राहिला, आतील जमीन कोरडी झाली, आणि विखुरलेली बेटे एक होऊ लागली. तेव्हापासून भराव घालून जमीन मिळविण्याचा जो नाद मुंबईस लागला तो आजतागायत सुटलेला नाही. कुलाब्याची आगगाडी या नादातूनच जन्मास आली, आणि याच नादापायी तिचा अंत झाला.

आता आपण वरळीहून दक्षिणेस, शहराच्या दुसऱ्या टोकास जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कापसाचा व्यापार कोटातील टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात चाले. तेथे गासड्यांचे डोंगर रचलेले असत. शहराच्या मध्यावर हा पसारा आणि त्याबरोबर येणारे आगीचे भय नको म्हणून १८४४ साली हा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला. त्या काळी कुलाबा म्हणजे शहराबाहेरचे, समुद्राने वेढलेले टोक. तेथे वखारी झाल्या, गासड्या दाबण्याचे कारखाने निघाले, दलाल आणि मुकादम यांची वर्दळ सुरू झाली. रुईचा भाव खंडीवर ठरे. ही खंडी ७८४ रत्तलांची, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ३५६ किलोंची. एवढी स्थित्यंतरे झाली, तरी रुईच्या व्यापारात भाव आजही याच खंडीवर बोलला जातो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बाजाराची जागा बदलली, सरकार बदलले, वजने-मापे बदलली. व्यापाऱ्याने आपले माप मात्र सोडले नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशातून ज्या अनेक कंपन्या निघाल्या त्यांपैकी एक बॅक बे भरून काढून जमीन करावयास निघाली होती. युद्ध संपताच १८६५ साली कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला, आणि भरावाचे ते स्वप्न विरले. किनाऱ्यालगत भरून झालेली जमिनीची एक पट्टी मात्र उरली. तिच्यावर बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने आपले रूळ टाकले. १८६४ साली ही रेल्वे ग्रँट रोडपर्यंत आली होती. १८६७ साली विरारहून बॅक बेपर्यंत उतारूंची गाडी सुरू झाली. १८७० साली चर्चगेट स्टेशन झाले, आणि १८७३ साली गाडी कुलाब्यास पोहोचली. वाटेत चर्नी रोड हे स्टेशन लागे व आजही लागते. त्याचे नाव गुरांच्या जुन्या चराऊ रानावरून पडले असे सांगतात. म्हणजे एके काळच्या चराईवरून निघून, बुडालेल्या कंपनीच्या भरावावरून धावत, ही गाडी कापसाच्या वखारीपाशी थांबत असे.

गाडी कुलाब्यापर्यंत नेण्याचे कारण उघड होते. भडोच व सुरत या भागांचा कापूस या रेल्वेने थेट कुलाब्याच्या वखारींपाशी उतरावा आणि तेथून जहाजावर चढावा, अशी ती योजना होती. जवळच ससून कंपनीने १८७५ साली गोदी बांधली; पश्चिम किनाऱ्यावरील ही पहिली बंदिस्त गोदी. आज त्या ससून डॉकमध्ये पहाटे मासळीचा लिलाव चालतो, आणि कापसाच्या व्यापारावर नजर ठेवून बांधलेल्या त्या धक्क्यावर कोळणी पाट्या घेऊन उभ्या असतात. बाजारातील माल बदलला म्हणजे दगडी इमारतीसही धंदा बदलावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मालाच्या पाठोपाठ माणसे आली. कारकून, दलाल, वखारींतील हमाल आणि छावणीतील शिपाई या गाडीने जाऊ-येऊ लागले. १८७४ साली घोड्यांची ट्राम निघाली तीही कुलाब्याहूनच. १८९६ साली कुलाब्यास नवे, प्रशस्त स्टेशन बांधण्यात आले. त्या काळी गुजरातेतून येणारा उतारू थेट येथे उतरे. हे स्टेशन कधी नाहीसे होईल, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर लोकांनी त्यास वेड्यात काढले असते.

परंतु कुलाब्याच्या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती, आणि ती आमच्या वऱ्हाड-खानदेशाच्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावी. त्यांच्या भागातील कापूस मुख्यतः जी. आय. पी. रेल्वेने येई, आणि ती रेल्वे शहराच्या पूर्व किनाऱ्यावर उतरे. तेथून गासड्या बैलगाड्यांत भरून, भर वस्तीतून, कुलाब्यास न्याव्या लागत. म्हणजे शेकडो मैल आगगाडीने आलेला माल शेवटच्या दोन-तीन मैलांसाठी पुन्हा बैलगाडीवर चढे. भरणे-उतरविणे दोनदा, हमाली दोनदा, आणि नासाडी वेगळी. हा खर्च व्यापारी आपल्या पदरचा देत नसे. तो शेवटी कोणाच्या भावातून कापला जात असे हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

ही उणीव दूर करण्याचा विचार बंदराच्या विश्वस्तांनी केला. माझगाव व शिवडी यांच्या बाजूस पूर्व किनाऱ्यावर मोठा भराव घालण्यात आला, पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे झाली, आणि शिवडीस कापसासाठी नव्या वखारी उभ्या राहिल्या. तेथे दोन्ही रेल्वेंच्या वाघिणी थेट येऊ शकत. १९२३ ते १९२५ या सुमारास कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीस गेला. ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन ही व्यापाऱ्यांची संस्था १९२१ साली स्थापन झालेली होती. तिच्या कारभारासाठी शिवडीस नवीन इमारत झाली. तेथील स्टेशनास आजही कॉटन ग्रीन म्हणतात. त्या वखारींतील जुनी गजबज आता ओसरली आहे, तरी स्टेशनाच्या पाटीवर कापसाचे नाव राहिले आहे.

येथे वाचकाने क्षणभर थांबून विचार करावा. कुलाब्याची आगगाडी बंद झाली १९३० च्या अखेरीस. परंतु तिचा प्राण गेला तो १९२५ च्या आसपासच. ज्या मालासाठी रूळ टाकले तो माल निघून गेला. यापुढे ती गाडी उतारूंच्या सोयीपुरती उरली. आणि उतारूंच्या सोयीची किंमत, तिच्याखालील जमिनीच्या किमतीशी ताडून पाहण्याची वेळ आता जवळ येऊन ठेपली होती.

ती वेळ बॅक बेच्या दुसऱ्या भरावाने आणली. लॉर्ड लॉइड गव्हर्नर असता १९२० साली या कामासाठी विकास खाते स्थापन करण्यात आले, आणि समुद्रातून ११४५ एकर जमीन काढण्याची योजना हाती घेण्यात आली. यंत्रे अपुरी ठरली, गाळ वाहून जाऊ लागला, खर्च अंदाजाबाहेर गेला. बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर उघड टीका केली. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि त्यात नरिमन निर्दोष सुटले. आजच्या नरिमन पॉइंटास त्यांचेच नाव आहे. पुढे चौकशी होऊन योजना आखडती घेण्यात आली, आणि सुमारे ४४० एकरांवर ती थांबली. परंतु आखडत्या योजनेतही रेल्वेच्या पट्टीचे भवितव्य ठरून गेले होते. पूर्वी रुळांच्या पश्चिमेस समुद्र होता. आता तेथे विकावयाची जमीन होणार होती. जुने शहर आणि ही नवी जमीन यांच्या मधोमध चर्चगेटच्या दक्षिणेचे रूळ आडवे पडले. रूळ हटल्यावाचून नव्या जमिनीस रस्ते मिळेनात आणि किंमतही येईना.

पुढील घटना क्रमाने सांगतो. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर चालू झाला. वाफेच्या इंजिनांचा धूर गेला, गाड्या वेगाने धावू लागल्या, लोक आनंदले. नवे खांब, नव्या तारा, नवे डबे पाहून ज्यास वाटले असेल की आता हा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या राहणार, त्याचा अंदाज साफ चुकला. १८ डिसेंबर १९३० रोजी बाँबे सेंट्रल हे भव्य स्टेशन उघडण्यात आले, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे थांबू लागल्या. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ३१ डिसेंबर १९३० च्या रात्री, कुलाब्याची शेवटची उतारूगाडी धावली. १ जानेवारी १९३१ पासून चर्चगेट हेच शेवटचे स्टेशन झाले आणि आजही तेच आहे. विजेच्या गाडीस कुलाब्यास तीन वर्षे पूर्ण व्हावयास पाच दिवस कमी पडले. जेथे स्टेशन व त्याचे आवार होते तेथे आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत उभी आहे.

कुलाब्याची गाडी बंद झाली हा अन्याय झाला, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. कापसाचा बाजार शिवडीस गेल्याने दुबार हमाली वाचली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु या सर्व उलाढालींत एक पक्ष कोठेच दिसत नाही. बाजार कोठे असावा हे बंदराच्या विश्वस्तांनी व व्यापाऱ्यांनी ठरविले. रूळ ठेवावे की काढावे हे सरकारने व रेल्वेने ठरविले. बैलगाडीचे जे भाडे वाचले ते कोणाच्या पदरी पडावे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही; कारण तो विचारणारा शेतकरी त्या वेळी शेकडो मैल दूर, आपल्या खळ्यावर कापूस मोजून देत बसला होता. त्यास कुलाबा म्हणजे काय आणि शिवडी म्हणजे काय, हेही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ज्याच्या मालासाठी रूळ पडले आणि ज्याचा माल हलताच ते उखडले गेले, त्याचे मत त्या कागदपत्रांत कोठे घ्यावे हे कोणास सुचलेही नाही.

ही जुनी कथा झाली, आता तसे घडत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने वऱ्हाडाकडे पाहावे. मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर या दोन अरुंद मार्गांवरून धावणारी गाडी लोकांनी प्रेमाने शकुंतला म्हणून ओळखली. किलिक निक्सन या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी हे मार्ग वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेस लावण्यासाठीच बांधले. यवतमाळचा फाटा सुमारे ११३ किलोमीटरांचा आणि अचलपूरचा सुमारे ७६ किलोमीटरांचा. मँचेस्टरहून आलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबत होते. पुढे त्याची जागा डिझेलने घेतली. देश स्वतंत्र झाला, रेल्वे राष्ट्राची झाली, तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाड्या भारतीय रेल्वेने चालवावयाच्या व कंपनीस मोबदला द्यावयाचा, अशी रीत होती. अशा दुहेरी कारभारात दुरुस्तीचा भार कोणी उचलावा हा वाद न सुटणारा. कापूस मालमोटारीवर गेला, रूळ झिजले, गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरांच्या आसपास आला, आणि गेल्या काही वर्षांत दोन्ही फाट्यांवरील उतारूगाड्या एकामागून एक थांबल्या. मार्ग रुंद करून गाडी पुन्हा सुरू करावी, ही मागणी त्या भागातील लोक अनेक वर्षे करीत आले आहेत. मागणी रास्त आहे. परंतु गाडीवर कापूस चढत होता तेव्हाच ती केली असती तर तिच्या पाठीशी वाघिणींचा हिशेब उभा राहिला असता; आज तिच्या पाठीशी बहुतांशी आठवणी उभ्या आहेत.

याच मार्गावरील कारंजा या गावाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. कारंज्यास १८८६ साली कापसाच्या खरेदी-विक्रीस सरकारी नियम लावण्यात आले. आपल्या देशातील नियंत्रित बाजाराचा आरंभ तेथे झाला असे मानतात. पुढे १८९७ साली वऱ्हाडास कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आगगाडी त्यानंतर आली. आज गाडी थांबली आहे; बाजार चालू आहे. रूळ हे दुसऱ्याच्या मालकीचे साधन असते, तर बाजाराचा नियम, एकदा मिळविला आणि जागरूकपणे राखला म्हणजे, आपल्या हाती राहतो.

प्रत्येक शेवटची गाडी अशी दुःखाचीच असते असेही नाही. बार्शी लाइट रेल्वेचा आरंभ १८९७ साली झाला आणि पुढे तिचे रूळ लातूर, पंढरपूर व मिरज येथपर्यंत गेले. वारीच्या दिवसांत या अरुंद गाडीच्या टपावरही माणसे बसलेली असत. २००१ ते २०१० या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने तो मार्ग रुंद करण्यात आला. तेथेही अरुंद गाडीची शेवटची फेरी झाली व लोक हळहळले. परंतु त्याच वाटेवर रुंद रूळ पडले. त्या रुळांवरील सांगोला स्टेशनावरून २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे भाजीपाला व फळे घेऊन थेट बंगालमधील शालिमारकडे निघाली. फळे व भाजीपाला यांच्या भाड्यात त्या वेळी निम्मी सवलत होती. अरुंद मार्गावर माल पुन्हा दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. सांगोल्याच्या डाळिंबास आता ती अडचण राहिली नाही. एका मार्गावर शेवटच्या गाडीनंतर रान वाढले, दुसऱ्या मार्गावर मोठी गाडी आली. दोहोंतील भेद नशिबाचा म्हणून सोडून देणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.

आता आपण पुन्हा वरळीच्या कोळीवाड्यात येऊ. कारण या भेदाचा उलगडा आम्हांस तेथे होतो. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला आणि किल्ल्यासमोरचा मोकळा समुद्र पुलाच्या खांबांनी व्यापला. त्यानंतर दक्षिणेकडून किनारी रस्ता येऊ लागला. हा रस्ता सागरी सेतूस जोडताना क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी पूल उभारावयाचा होता, आणि त्याच्या दोन खांबांमधील अंतर सुमारे साठ मीटर ठेवण्याचे योजिले होते. कागदावर साठ मीटर पुष्कळ दिसतात. परंतु भरती-ओहोटीची ओढ, पावसाळी लाट आणि आडवा वारा यांत होडी हाकणाऱ्यास ते अंतर किती तोकडे पडते, हे कोळ्यांस ठाऊक होते. नारळी पौर्णिमेस आपण ज्या समुद्रास नारळ वाहतो त्याच समुद्रात शिरण्याची वाट बंद होणार, हे त्यांनी वेळीच ओळखले.

त्यांनी काय केले? खांब उभे राहीपर्यंत ते थांबले नाहीत. त्यांनी अर्ज दिले, आपल्या संस्थांच्या मार्फत अधिकाऱ्यांपुढे बाजू मांडली, तज्ज्ञांपुढे ती पटवून देण्याचा प्रयत्न केला, आणि २०२१ साली होड्या घेऊन समुद्रात उभे राहून काम रोखून धरले. होड्यांच्या येण्या-जाण्यास किती मीटर वाट हवी, हा आकडा त्यांनी पुढे ठेवला आणि तो सोडला नाही. अखेर २०२२ च्या डिसेंबरात सरकारने एक खांब वगळून ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. त्यांनी मागितले होते त्याहून हे कमी होते. रस्त्यानेही त्यांच्या मासेमारीच्या जागेचा मोठा भाग घेतला, तो परत मिळाला नाही. २०२४ साली रस्ता सागरी सेतूस जोडला गेला. परंतु होडीस समुद्रात जावयाची वाट राहिली. काँक्रीट ओतून झाल्यावर हे मागितले असते तर एक मीटरही मिळाला नसता.

मुंबईकर ट्रामवर किती प्रेम करीत! ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली तेव्हा तिच्या वाटेवर माणसांची रीघ लागली होती. त्या गर्दीने ट्राम एक दिवसही अधिक चालली नाही. वरळीच्या कोळ्यांची गर्दी त्या मानाने लहान होती. ती वेळेवर जमली एवढाच फरक.

यावरून आमच्या वाचकांनी आपल्यापुरता बोध घ्यावा. कोणताही मार्ग एका दिवसात बंद पडत नाही. प्रथम माल हलतो. मग मालधक्क्यावर वाघिणी मिळण्यास दिरंगाई होऊ लागते. मग रुळांची दुरुस्ती पुढे ढकलली जाते. गाडीच्या वेळा कोणाच्याच सोयीच्या राहत नाहीत. उतारू कमी झाले म्हणून फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून उतारू आणखी कमी होतात. दरम्यान रुळांखालील अथवा शेजारील जमिनीवर कोणाची तरी दृष्टी पडते. या पायऱ्यांपैकी पहिली दिसताच बोलावे. शेवटची पायरी आली म्हणजे केवळ हार घालण्याचे काम उरते.

बोलावयाचे तर कसे? तक्रारीपेक्षा आकड्यास अधिक किंमत असते, हे वरळीकरांपासून शिकावे. आपल्या गावातून हंगामात किती गासड्या, किती पोती, किती पेट्या बाहेर गेल्या, कोणत्या महिन्यात गेल्या, रेल्वेने किती व मालमोटारीने किती, दर क्विंटलास भाडे काय पडले, याची नोंद प्रत्येक सहकारी संस्थेने व बाजार समितीने ठेवावी. हे काम एका वहीत होण्यासारखे आहे, आणि त्यास कारकुनाचे रोज अर्ध्या घटकेपेक्षा अधिक श्रम नाहीत. एकट्या शेतकऱ्याच्या दहा पोत्यांसाठी कोणी वाघीण देणार नाही. पाच गावांचा माल एकत्र करून संस्थेच्या नावाने मागणी नोंदविली तर ती नाकारणे कठीण जाते. रस्ता, धरण, मार्ग यांची मोजणी सुरू झाल्याची बातमी येताच तिचा नकाशा मागून पाहावा, आणि हरकत असेल तर मुदतीच्या आत लेखी द्यावी. आणि भाडे वाचविणारी कोणतीही नवी सोय झाली तर वाचलेला पैसा भावात कोठे उतरला, हा प्रश्न खरेदीदारास उघडपणे विचारावा. कुलाब्याच्या वेळी तो विचारला गेला नाही, याची आठवण ठेवावी.

हे सर्व करूनही काही मार्ग बंद पडतीलच. मालमोटार दारापर्यंत येते, आगगाडी येत नाही. आणि काळाबरोबर साधने बदलणारच. कुलाब्याचे रूळ आज असते तरी त्यावर कापूस आला नसता. आमचा आग्रह जुनी गाडी टिकविण्याचा नसून, ती बदलत असता आपली वाट खुली राहील एवढे पाहण्याचा आहे.

मुंबईस कामानिमित्त जाणे झाले तर चर्चगेट स्टेशनावर उतरून दक्षिणेकडे एक वार पाहावे. रूळ तेथेच संपतात आणि पुढे रस्ता लागतो. त्या रस्त्याखाली कापसाची जुनी वाट बुजलेली आहे. मग संध्याकाळी वरळीच्या किल्ल्यावर जावे. ओहोटी सरून पाणी चढू लागले म्हणजे कोळ्यांच्या होड्या एकेक करून, त्या दोन खांबांमधून, घराकडे वळताना दिसतात.